जुन्या घरच्या व्हिडिओंना म्युझिक कुठलं लावायचं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात मी लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि रिळं डिजिटल करून देतो. पेनड्राइव्ह हातात पडला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आता याला मस्त म्युझिक पण टाकून द्या ना." फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वाद नको: कॅसेटमध्ये जो आवाज आहे तो आधी शेवटपर्यंत ऐका, म्युझिकचं त्याच्यानंतर बघू.

म्युझिक लावायलाच पाहिजे का?

अजिबात नाही. ज्या व्हिडिओत माणसं बोलतायत, भांडतायत, कोणीतरी मागून "अरे पंखा लाव" ओरडतंय, तिथे म्युझिकची काय गरज आहे.

आमच्या रिळाला आवाजच नाहीये. स्कॅन करताना उडाला का?

उडाला नाही, बहुतेक तो नव्हताच. सुपर ८, म्हणजे घरच्या कॅमेऱ्यातली ८ मिलिमीटरची फिल्म, कोडॅकने १९६५ साली आणली, त्याची आवाजवाली फिल्म आली १९७३ साली, आणि माझ्याकडे जी घरगुती रिळं येतात त्यातली बहुतेक सगळी मुकीच असतात. तरी खात्री करून घ्या, फिल्मच्या कडेला तपकिरी रंगाची बारीक पट्टी दिसली तर ती आवाजाची मॅग्नेटिक पट्टी आहे आणि मग स्कॅन करणाऱ्याला आवाजासकट पाहिजे असं मुद्दाम सांगायचं, कारण नुसतं चित्र स्कॅन करणारी मशिनं पण भरपूर आहेत.

आणि म्युझिक शोधायच्या आधी स्पीड बघा. सुपर ८ चं ५० फुटांचं रीळ सेकंदाला १८ फ्रेमने चालवलं तर ३ मिनिटं २० सेकंद चालतं. तुमची फाइल २ मिनिटं २४ सेकंदांची असेल तर कोणीतरी ती सरळ २५ फ्रेमने काढलीय, म्हणूनच तुमचे आजोबा तलावपाळीवर फिरायच्या ऐवजी पळताना दिसतायत. त्या पळण्यावर कितीही शांत बासरी लावा, ते कॉमेडीच वाटणार. स्पीड आधी दुरुस्त करायचा.

बाकी म्युझिक खरोखर शोभतं ते इथेच, मुक्या रिळांवर. फाळक्यांचा १९१३ चा सिनेमा पण मुकाच होता आणि मूकपटांच्या जमान्यात थेटरात पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसून वाजवायचे, तेव्हा ही काही आपण काढलेली नवी टूम नाही.

व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटमध्ये आवाज आहे पण नुसती खरखर. तो काढून सरळ गाणं लावलं तर?

थांबा थांबा. खरखर काढता येते, खाली असलेला आवाज एकदा डिलीट केला की संपला. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात जिथे कोणीच बोलत नाहीये अशी दोन-तीन सेकंदांची खरखर सिलेक्ट करायची, त्याचं सॅम्पल घ्यायचं आणि मग सगळ्या आवाजावर नॉइज रिडक्शन चालवायचं, पण हलक्या हाताने, नाहीतर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. "हूंऽऽ" असा सतत घुमणारा आवाज असेल तर तो ५० हर्ट्झचा असतो, आपल्या लाइटच्या करंटचा, तो वेगळा फिल्टर लावून कमी होतो, आणि १०० हर्ट्झवर पण थोडा कापावा लागतो.

आणि खरं सांगू का, थोडी खरखर राहू द्या. घरच्यांना त्यातूनही कळतं कोण बोलतंय ते. आवाज साफ झाला नाही म्हणून आजीचं "जेवलास का" कोणी फेकून देतं का?

लग्नाच्या कॅसेटवर व्हिडिओवाल्याने आधीच गाणी भरून ठेवलीत. मूळ आवाज मिळेल का?

हा माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि इथे जरा सविस्तर लिहितो कारण कधीकधी लॉटरी लागते.

नव्वदच्या दशकात ठाण्यात कुठल्याही हॉलमध्ये लग्न झालं की पद्धत एकच, शूटिंग झालं की कॅसेट मिक्सिंगला, मग कमळातून नवरीचा चेहरा उगवणार, बदामाच्या आकारात नवरदेव फिरणार आणि अंतरपाटापासून पंगतीपर्यंत सगळीकडे त्या वर्षीची हिट हिंदी गाणी. मंगलाष्टकं कोणी म्हटली, मामा काय बोलले, करवल्यांनी नाव घ्यायला लावलं तेव्हा नवरी काय म्हणाली, काही ऐकू येत नाही. तर काय करायचं.

पहिलं, रॉ कॅसेट शोधा. पुष्कळ घरात ती असते, लेबल नसलेली, माळ्यावरच्या ट्रंकेत, आणि लोकांना वाटतं ही कोरी आहे. कोरी म्हणून टाकून देण्याआधी चालवून बघा.

दुसरं, व्हीएचएसच्या टेपवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक टेपच्या कडेने जाणारा साधा ट्रॅक, आणि रेकॉर्डिंग हायफाय मशिनवर झालं असेल तर दुसरा, चित्राच्याच तिरप्या पट्ट्यांमध्ये बसलेला. ऑडिओ डबिंग करताना फक्त कडेचा ट्रॅक पुसून नवीन भरता येत होता, हायफायवाला तसाच राहायचा. म्हणजे व्हिडिओवाल्याने त्याच कॅसेटवर डबिंग केलं असेल आणि कॅसेट हायफाय असेल तर मूळ आवाज अजून आत बसलेला असू शकतो. हायफाय व्हीसीआरवर आवाजाचं सिलेक्शन असतं, हायफाय, नॉर्मल आणि मिक्स, तिन्ही लावून ऐका. पण त्याने मिक्स करून दुसऱ्या कॅसेटवर कॉपी मारून दिली असेल तर मात्र काही हाताला लागत नाही.

मिनी डीव्हीची छोटी कॅसेट असेल तर तिथे पण असाच एक प्रकार आहे. आवाज १२ बिटच्या सेटिंगवर रेकॉर्ड केला असेल तर त्यात स्टिरिओच्या दोन जोड्या असतात, पहिलीत शूटिंगचा आवाज आणि दुसरी नंतर डबिंग करायला मोकळी ठेवलेली. कॉपी करताना चुकीची जोडी निवडली की नुसतं गाणं येतं किंवा नुसती शांतता.

तिसरं, आता एआयवाली टूल्स आली आहेत, डेमक्ससारखी, ती गाणं फोडून आवाज आणि वाद्यं वेगळी करतात. मागे नुसती सनई किंवा म्युझिक असेल तर बोलणं बऱ्यापैकी बाहेर येतं, पण मागे गायकाचं गाणं असेल तर गायक आणि तुमचे मामा दोघं एकाच ट्रॅकमध्ये येणार, कारण टूलच्या दृष्टीने दोन्ही माणसांचेच आवाज. आणि जो आवाज टेपवर उरलेलाच नाही तो कुठलंही टूल परत आणत नाही, कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर नमस्कार करा आणि निघा.

बरं, मग कुठलं गाणं लावू?

मला विचारू नका, घरात विचारा. त्या काळात त्या घरात काय वाजायचं? रेडिओवर सकाळी काय लागायचं, बाबा दाढी करताना काय गुणगुणायचे, टेपरेकॉर्डरवर कुठली कॅसेट घासून घासून खराब झाली? कोणाकडे नाट्यसंगीत, कोणाकडे भावगीतं, कोणाकडे नुसती कव्वाली. एका काकूंनी त्यांच्या साखरपुड्याच्या मुक्या रिळावर बॅटबॉलच्या कॉमेंटरीचं जुनं रेकॉर्डिंग लावून मागितलं, कारण म्हणे त्या दिवशी सगळे पुरुष ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. मला आधी हे काहीतरीच वाटलं पण बघताना सगळं घर हसत होतं, म्हणजे ते बरोबरच होतं.

वर्ष बघा एवढं मात्र सांगेन. १९७८ च्या शूटिंगवर २००५ चं गाणं लावलं की कुठेतरी खटकतं, का खटकतं ते सांगता येत नाही पण खटकतं. शूटिंगच्या वर्षाचं किंवा त्याच्या आधीचं गाणं चालतं, कारण जुनी गाणी लोक पुढेही ऐकतच होते. नुसतं वाद्य असेल तर हा प्रश्न येत नाही.

आणि प्रसंगाला साजेसं म्हणजे शब्दाला शब्द जोडणं नव्हे. पाऊस दिसला की पावसाचं गाणं, आई दिसली की आईचं, पाळणा दिसला की अंगाई, असं केलं की पाच मिनिटांत बघणाऱ्याला पुढचं गाणं आधीच कळायला लागतं.

शब्दांचं गाणं की नुसतं वाद्य?

जिथे कोणी बोलतंय तिथे शब्दांचं गाणं नको, दोन बोलणी एकमेकांवर चढतात. मुक्या भागावर एखादं पूर्ण गाणं ठीक, पण सगळीकडे गाणीच गाणी केली तर तो घरचा व्हिडिओ राहत नाही, दूरदर्शनवरचा 'रंगोली' कार्यक्रम होतो. सनई, बासरी, पेटी, सतार, अगदी एकट्या तबल्याचा ठेकासुद्धा छान वाटतो. लग्नाला सनई-चौघडा आहेच, पण तोसुद्धा हॉलमध्ये खरा वाजत होता का ते आधी ऐका, असेल तर तोच वापरा, स्टॉकमधली सनई कशाला?

आमच्याकडे आगरी लग्नाची जुनी कॅसेट आहे. डीजेवालं आगरी-कोळी रिमिक्स लावू का, मुलं मागतायत.

मुलांसाठी वेगळी दोन मिनिटांची क्लिप करून द्या, स्टेटसला टाकतील, खूश होतील. पण मूळ व्हिडिओला हात लावू नका. त्या कॅसेटमध्ये जर धवलारीण धवळे (लग्नाच्या विधींची पारंपरिक गाणी) गाताना ऐकू येत असेल तर ते सोनं आहे. हळदीपासून प्रत्येक विधीला गाणं, आणि गाणारी बाई म्हातारी, आता तशा बाया गावात किती उरल्यात ते घणसोली, दिवाळे, ऐरोलीकडच्या लोकांनी स्वतःच मोजावं. तो आवाज पूर्ण, न कापता, वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा आणि घरातल्या एखाद्या आजीला बसवून शब्द लिहून घ्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या नारळी पौर्णिमेची किंवा हळदीच्या बँजोची शूटिंग असेल तरी हेच. खरा बँजो फाटका वाजत असला तरी तोच ठेवा.

गणपतीच्या व्हिडिओला आरतीचं रेकॉर्डिंग लावू?

घरचे सगळे बेसूर आरती म्हणतायत, झांजा एकाची पुढे एकाची मागे, आणि तुम्हाला त्यावर स्टुडिओतली आरती लावायचीय? नका हो.

रागाची वेळ पाळायची का? सकाळच्या सीनला सकाळचाच राग?

घरात कोणी गाणं शिकलेलं असेल तर पाळा, नाहीतर जेवताना टोमणे ऐकाल. पहाटेला भैरव, दुपारी सारंग, दिवेलागणीनंतर यमन, शेवटाला भैरवी एवढं ढोबळ धरलं तरी चालतं. याचा एक फायदा पण आहे, मुक्या रिळात उजेडावरून वेळ कळते आणि म्युझिकने ती पक्की होते. पण कोणाला रागच ओळखू येत नसतील तर यासाठी रात्र जागवू नका.

जे आता नाहीत त्यांच्या शॉटला सॅड पियानो?

सगळ्यांना हेच हवं असतं आणि मी सगळ्यांना नाहीच म्हणतो. त्या शॉटमध्ये ते हसतायत, पत्ते पिसतायत, लुंगीवर गच्चीत दाढी करतायत. तुम्हाला माहितीय पुढे काय झालं, त्यांना त्या दिवशी माहिती नव्हतं. सॅड म्युझिक लावलं की त्यांचा तो चांगला गेलेला दिवस पण आपण काढून घेतो. तिथे जे चाललंय त्याच्या मूडचं म्युझिक लावा किंवा काहीच लावू नका. वर्षश्राद्धाला दाखवायचं असेल तर म्युझिक पूर्ण बंद, लोक आपसात बोलतात, ते बोलू द्या.

कॉपीराइटचं काय? पोलीस येणार का?

घरच्या टीव्हीवर घरच्यांना दाखवायला कोणी येत नाही, कायद्यातही स्वतःच्या खासगी वापराला सूट आहे. गडबड होते यूट्यूबवर टाकल्यावर. तिथे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते, आणि व्हिडिओ अनलिस्टेड किंवा प्रायव्हेट ठेवला तरी ओळखते. मग कधी त्यावर जाहिराती लागून पैसे गाण्याच्या मालकाला जातात, कधी आवाज बंद, कधी व्हिडिओच दिसत नाही.

"गाणं जुनं आहे ना मग काय" असं लोक म्हणतात. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० चं रेकॉर्डिंग २०२० संपताना मोकळं झालं. पण ते फक्त रेकॉर्डिंग. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे, रेकॉर्डिंग कितीही जुनं असो. तुकोबांचे अभंग सगळ्यांचेच, पण त्याला एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल आणि एखाद्या कंपनीने काढलेली रेकॉर्ड सगळ्यांची नाही.

हॉलमध्ये दाखवायचं असेल तर लग्नाच्या कार्यक्रमात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, पंचाहत्तरीच्या वाढदिवसाचं नाव त्यात नाही. हॉलवाल्याला लायसन्सचं आधीच विचारून घ्या.

मग फुकट म्युझिक कुठे मिळेल?

यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं घ्या, फक्त काही ट्रॅकला नाव देणं सक्तीचं असतं ते वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सवालं म्युझिक पण चालतं, मात्र ज्याच्या लायसन्समध्ये एनडी लिहिलंय ते नको. एनडी म्हणजे बदल करायचा नाही, आणि त्यांच्या नियमात व्हिडिओला म्युझिक जुळवून लावणं हाच बदल धरतात. हे बऱ्याच जणांना माहिती नसतं.

पण माझं ऐकाल तर घरातच रेकॉर्ड करा. ठाण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी पेटी वाजवणारे काका असतात, कोणाची मुलगी सतार नाहीतर तबल्याच्या क्लासला जाते, भजनी मंडळ तर आहेच. त्यांना रीळ दाखवा आणि ते बघत बघत वाजवायला सांगा, पारंपरिक चाल वाजवली की कॉपीराइटचा पण ताप नाही. रेकॉर्डिंग फोनवर चालेल, फक्त पंखा बंद करा, फ्रिज बंद करा आणि मग परत चालू करायला विसरू नका, खिडक्या लावा, आणि घोडबंदर रोडला राहत असाल तर रात्री अकरानंतर करा, त्याआधी डंपरच जास्त ऐकू येतील.

एआयने बनवलेलं म्युझिक? गुळगुळीत असतं, लिफ्टमध्ये वाजतं तसलं. तुमचा निर्णय.

म्युझिकचा आवाज किती ठेवायचा? बोलणं सुरू झालं की काय?

बोलण्याच्या खाली म्युझिक निदान १५ ते २० डेसिबलने कमी ठेवा, आणि बोलायच्या एक सेकंद आधीच उतरायला सुरुवात करा, बोलणं सुरू झाल्यावर नाही. म्हातारी माणसं बघणार असतील तर बोलण्याखाली म्युझिक ठेवूच नका. वयाने कान कमजोर झाले की मागे काही वाजत असताना बोलणं वेगळं काढायला त्रास होतो, आपल्याला वाटतं टीव्हीचा आवाज कमी आहे म्हणून आपण वाढवतो, मग म्युझिक पण वाढतं.

गाणं पाच मिनिटांचं, क्लिप तीन मिनिटांची. मधेच कापू?

कापा, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कापा. ताल मोजता येत नसेल तर ऐकताना मान जिथे आपोआप डोलते तिथे. मुखडा संपवून उडी मारा पुढच्या कडव्याच्या शेवटी, मग शेवट खराखुरा शेवट वाटतो. जिथे क्लिप संपली तिथे गाणं मधेच फेड करणं हा शेवटचा उपाय. उलटं करता येत असेल तर त्याहून चांगलं, क्लिपच जरा लांबवा. आणि प्रत्येक ठोक्यावर चित्र बदलायची हौस करू नका, जुन्या शूटिंगमध्ये माणूस कॅमेऱ्याकडे बघून लाजायला तीन-चार सेकंद घेतो, ते कापलं तर काय उरलं.

तीन तासांची कॅसेट आहे, सगळीला म्युझिक?

दोन फाइल करा. एक अख्खी, जशीच्या तशी, म्युझिक नाही, कापाकापी नाही, ती ठेवायची. दुसरी दहा-पंधरा मिनिटांची, म्युझिक लावलेली, ती बघायची. पाहुण्यांना तीन तास कोणी दाखवू नका.

वाशी-नेरूळचं जुनं शूटिंग आहे, माणसं कमी आणि मोकळी जागाच जास्त. त्याला काय?

हे मला फार आवडतं. खाडीपुलावरून वाशीला लोकल १९९२ साली आली, त्याच्या आधीचं शूटिंग असेल तर नुसती सिडकोची घरं, मधे चिखल आणि लांबवर डोंगर. इथे गाण्यापेक्षा आवाज वापरून बघा, वारा, बेडूक, लांबून एसटीचा हॉर्न, सायकलवरच्या पाववाल्याचा भोंगा. मुक्या शूटिंगवर असे आवाज हलके ठेवले की जागा जिवंत होते. पण जी गोष्ट तेव्हा नव्हती तिचा आवाज नको, नाहीतर बेलापूरच्या माळरानावर कोणीतरी मेट्रोची अनाउन्समेंट टाकायचं.

आजी-आजोबा अजून आहेत. त्यांना पण यात कसं घेऊ?

मुकं रीळ टीव्हीवर लावा, फोन रेकॉर्डिंगला ठेवा त्यांच्या जवळ, टीव्हीजवळ नाही, आणि त्यांना नुसतं बघू द्या. "ही कोण?" "अगं ही सुमीची जाऊ नाही का" "नाही हो, ती तर तेव्हा डोंबिवलीला होती" असं जे सुरू होतं ना, तोच ट्रॅक व्हिडिओखाली टाका. मुलाखतीसारखे प्रश्न विचारायला गेलात तर ते सावरून बसतात आणि सगळं छान छान बोलतात, मग मजा जाते. दोघांना एकत्र बसवा, एकटं बसवलं तर दुरुस्ती करायला कोणी नसतं. हे झालं की मग म्युझिकची जागा फार थोडी उरते, सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा सेकंद, बास.

टीव्हीवर लावलं की आवाज पुढे-मागे होतो, लॅपटॉपवर तर ठीक होतं.

ऑडिओ ४८ किलोहर्ट्झवर काढा, व्हिडिओसाठी तेच नेहमीचं, सीडीवरून घेतलेलं गाणं ४४.१ असतं ते आधी बदलून घ्या. फाइल एमपी४ आणि आवाज एएसी ठेवा. तरी होत असेल तर टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडलाय का बघा, पुष्कळदा तोच उशिरा वाजत असतो.

एडिटिंग कशात करू, आणि शेवटी जपून काय ठेवू?

डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन घरच्या कामाला भरपूर आहे, जरा दणकट कॉम्प्युटर लागतो एवढंच. मूळ आवाज, म्युझिक आणि आजी-आजोबांचं बोलणं तीन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, आणि तयार व्हिडिओबरोबर हे तिन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये पण काढून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी तुमच्या मुलीला तुमचं म्युझिक आवडलं नाही तर तिला फक्त तेवढंच बदलता येईल. दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. कॅसेटी आणि रिळं फेकू नका, बुरशी लागू नये म्हणून कोरड्या कपाटात ठेवा, कॅसेटी उभ्या आणि रिळं आडवी, पावसाळ्यात आपल्याकडे काय हाल होतात माहितीच आहे. आणि बुरशी आधीच लागलेली दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, मशिनचं हेड पण खराब होतं आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना पण लागते.